कीर्तनात खून कसा काय चालतो?

ओवीबाई,

काल मंडळाच्या हॉलवरून येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, कीर्तन म्हणजे देवाचं ना, मग ते काका मर्डरची स्टोरी का सांगत होते?" आणि मी सिग्नलचं निमित्त करून टाळलं, कारण खरं सांगायचं तर पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आता लिहितोय, आणि मुद्दाम मराठीत, अडलीस तर आजीला व्हिडिओ कॉल कर.

तर, आपल्या नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग घेऊन त्याचं निरूपण, ज्यात तू आईच्या मांडीवर मस्त झोपली होतीस. मग बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात आणि उत्तररंगात आख्यान लागतं. ते ध्रुवाचं असेल, शिवाजी महाराजांचं असेल नाहीतर काल होतं तसं चापेकरांचं. बुवा "गोंद्या आला रे!" म्हणून ओरडले आणि तू दचकून उठलीस, ते तिथलंच.

गंमत म्हणजे चापेकर स्वतःच कीर्तनकाराची पोरं. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, चिंचवडचे. वडील हरिपंत कीर्तन करायचे, साथीदारांना द्यायला पैसे नसायचे म्हणून पोरांनाच वाद्यं शिकवली आणि गावोगाव नेलं. म्हणजे काल बुवांच्या मागे पेटी घेऊन तो मुलगा बसला होता ना, तसेच हे.

पुढे १८९७ ला पुण्यात प्लेग. रँड नावाचा अधिकारी नेमला, त्याने गोऱ्या सोल्जरांना घराघरात घुसवलं, पार स्वयंपाकघर देवघरापर्यंत, पेशंट शोधायचे, माणसं कॅम्पात न्यायची, सामान जाळायचं. प्लेग रोखायला काहीतरी करणं भाग होतं हे मलाही कळतं (कोविडमध्ये आपणही घरात कोंडून होतोच की), पण ज्या पद्धतीने केलं त्याने लोक पेटले. तुझ्या शाळेजवळ जिचा पुतळा आहे ना, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरकडे पार्टी होती. परतताना रँडची बग्गी दिसली, "गोंद्या आला रे" अशी खुणेची आरोळी झाली, दामोदर मागून बग्गीवर चढला आणि गोळी झाडली. बाळकृष्णने दुसऱ्या बग्गीत आयर्स्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मारलं, तो जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला.

पुढचं बुवांनी भराभर उरकलं, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारने २०,००० रुपयांचं बक्षीस लावलं होतं, द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदरला १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. मग वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी त्या द्रविडांनाही गोळ्या घातल्या, म्हणजे आपल्याच पुण्यातल्या माणसांना. १८९९ च्या मे महिन्यात ८ ला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण, पाच दिवसांत तिघे फासावर. हरिपंतांची तिन्ही मुलं गेली.

आणि दामोदरने कोठडीत आत्मचरित्र लिहिलंय, त्यात सुधारकांना मारहाण केल्याचं तो अभिमानाने सांगतो. सुधारक म्हणजे विधवांची लग्नं लावा, मुलींना शिकवा म्हणणारे. म्हणजे तुला शाळेत घालणाऱ्या पार्टीवरही त्याचा रागच असता, हे काही उत्तररंगात येत नाही. तरी बुवांनी डोळे मिटून येरवड्याचं वर्णन सुरू केलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आलाच, लहानपणापासून ऐकत आलोय ना, त्याला इलाज नाही.

तुझं उत्तर मिळालं का माहीत नाही. पुढच्या महिन्यात बुवा परत येणारेत, तेव्हा त्या पेटीवाल्याशी बोल, तो तुझ्याच वयाचा आहे आणि तोही बुवांचाच मुलगा आहे म्हणे.

बाबा