ट्रॅकवर गाडी तापते म्हणून बॉनेटला व्हेंट कापावेत का? कापायचे तर कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, एरवी पुण्यात चालते, अधूनमधून कोइम्बतूरच्या करी या रेसिंग ट्रॅकवर नेता. चार-पाच लॅप (फेऱ्या) झाले की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, 112 अंशांवर जातं. गॅरेजवाला म्हणतोय, बॉनेटला मागे, काचेजवळ दोन खाचा पाडू, गरम हवा आपोआप वर निघून जाईल.

कापायला हरकत नाही. पण तो सांगतोय तिथे नको, आणि या महिन्यात तर नकोच.

गरम हवा वर जाते हे खरंच आहे. फक्त किती जोराने, ते बघा. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा 50 अंशांनी गरम आणि चढायला अर्धा मीटर उंची, असं धरलं तर त्या हलकेपणातून मिळणारा दाब 1 पास्कलसुद्धा भरत नाही. उलट गाडी 100 च्या वेगात असताना समोरचा वारा नाकावर साधारण 460 पास्कलचा दाब देतो. 150 ला तो हजाराच्या वर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पिटमध्ये उभ्या गाडीची गरम हवा वर जाईल, पण चालत्या गाडीत तिला कुठे जायचं ते बाहेरचा दाब ठरवतो.

रेडिएटरमधून हवा जाते ती त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबात फरक असतो म्हणून. घराची समोरची खिडकी सताड उघडी आहे, पण मागचं दार बंद, तर वारा आत शिरत नाही, तसंच हे. इंजिन, टर्बो, बॅटरी, पाइप यांनी ठासून भरलेल्या त्या पोकळीतून हवेला बाहेर पडायला खालचा बोळ तेवढा असतो. आत दाब साठतो आणि समोरची हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. व्हेंटचं काम हा साठलेला दाब सोडण्याचं. त्यामुळे व्हेंट तिथेच हवं, जिथे बॉनेटच्या वरच्या अंगाला दाब कमी आहे.

तो कमी दाब बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या पुढच्या भागात मिळतो. ग्रिलवरून आलेली हवा बॉनेटवर वळते, तिथे ती वेग घेते आणि दाब उतरतो. तिथून काचेकडे जावं तसा दाब पुन्हा चढतो, कारण काचेची चढण हवेला अडवते. 1969 च्या शेवरोले कॅमॅरोला मिळणारं काउल इंडक्शन बॉनेट याच गोष्टीवर चालायचं. त्याचं तोंड मागे, काचेकडे, आणि तिथला जास्त दाब कार्ब्युरेटरला हवा पुरवायचा. म्हणजे तुमचा गॅरेजवाला जिथून हवा बाहेर काढू बघतोय, तिथून ती आत घ्यायची पद्धत पन्नास वर्षांहून जुनी आहे. शिवाय केबिनच्या ब्लोअरचं तोंडही तिथेच असतं. गरम ऑइलचा वास थेट नाकात येईल. बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलतात, ती युक्तीही याच माळेतली. सिग्नलला उभं असताना उपयोग, वेगात उलटा परिणाम.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. जुनी स्कॉर्पिओ, पहिली फॉर्च्युनर, सुबारू डब्ल्यूआरएक्स यांच्या बॉनेटवरचा उंचवटा बघून लोक तसंच काहीतरी बसवायला जातात. ते हवा आत घेणारे स्कूप आहेत, खाली टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर असतो म्हणून. बाहेर सोडणारं व्हेंट बघायचं तर लॅन्सर इव्हो किंवा 2022 ची सिव्हिक टाइप आर बघा. सगळ्यात देखणं उदाहरण मात्र फोर्ड जीटी40 चं. रेडिएटर नाकात आणि त्यातून निघालेली हवा नाकाच्या वरच्या अंगाने बाहेर. त्यात पुढची चाकं हलकी पडण्याचा त्रासही कमी होतो, हा वरचा फायदा.

आता 'या महिन्यात नको' असं का म्हटलं ते. आधी बंपर उतरवा आणि ग्रिल ते रेडिएटर ही वाट बघा. बाजूला, खाली, वर फटी दिसतीलच. हवा सोपी वाट धरते. जाळीतून घुसण्यापेक्षा फटीतून पळते. बंद छिद्रांचा फोम आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वापरून या फटी बुजवा. खर्च किरकोळ, आणि माझ्या जुन्या सेडानला सगळ्यात जास्त फायदा याच कामाने झाला. खालचं प्लास्टिकचं कव्हर कुणी 'हवा खेळू दे' म्हणून काढून टाकलं असेल तर परत लावा. ते नसलं की गाडीखालची हवा उसळून इंजिनच्या जागेत भरते.

कूलंटचंही बघा. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण गोठू नये म्हणून असतं, आणि आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही. पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. डिस्टिल्ड पाणी 70 टक्के आणि पाणी न मिसळलेलं कूलंट 30 टक्के चालेल, पण गंजरोधक पुरेसं राहतंय ना ते त्या कूलंटच्या डब्यावर वाचून घ्या. मात्र ग्लायकॉल कमी केलं की उकळबिंदू थोडा खाली येतो, तेव्हा टाकीची टोपी दाब धरते का ते तपासा. 1.1 बारची टोपी धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. सैल असेल तर सगळंच मुसळ केरात. ऑइलचं तापमानही ओबीडीवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या जोडणीवर) दिसत असेल तर लिहून ठेवा. ऑइल तापत असेल तर व्हेंट फारशी मदत करणार नाही, त्याला वेगळा कूलर लागतो.

ट्रॅकचाही विचार करा. करी 2.1 किमीचा, वळणामागून वळण. 70 च्या वेगाला हाताशी असलेला दाब 230 पास्कलच्या आसपास, म्हणजे 100 च्या वेगाला मिळतो त्याच्या निम्मा. तिथे रेडिएटरचा पंखा आणि त्याच्याभोवतीचं कडं धड असणं व्हेंटपेक्षा महत्त्वाचं. चेन्नईजवळचा 3.7 किमीचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचा 5.125 किमीचा बुद्ध सर्किट, तिथल्या सरळ पट्ट्यांवर व्हेंट आपली किंमत वसूल करतं.

हे सगळं करूनही आकडा खाली आला नाही, तर मोजा आणि मग कापा. मोजायला महागडं काही लागत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी यू आकारात एका फळीवर बसवा, त्यात शाई घातलेलं पाणी भरा. एक टोक रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या जागेत. दुसरं बॉनेटवर चिकटपट्टीने सपाट बसवलेलं, तोंड वाऱ्याला आडवं, समोर नाही. फळी उभीच ठेवायची, पण गाडीच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे वेग कमीजास्त झाला तरी पाणी हलत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवा. वाचायचं काम शेजारच्याचं, चालवणाऱ्याचं नाही. 10 मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ 98 पास्कल. 100 ला वाऱ्याचा अख्खा दाब 47 मिलिमीटर भरतो, त्यामुळे कुठे दोन मिलिमीटर आणि कुठे वीस, हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं. नळीचं वरचं टोक सरकवत चला. आतला दाब वरच्यापेक्षा जिथे सगळ्यात जास्त भरेल, ती तुमची जागा. फरक उलटा आला, तर तिथे हवा आत शिरेल.

कापकाम कुठलाही चांगला डेंटर करेल. खालच्या सांगाड्याच्या पट्ट्यांना हात लावू नका, बॉनेटची ताकद त्यांतच असते. लूव्हरची (भोकावरच्या तिरक्या पट्ट्यांची) तोंडं मागच्या बाजूला, आणि भोकाच्या पुढच्या काठाला 10-12 मिलिमीटरची उभी पट्टी. तिच्यामागे दाब आणखी उतरतो. कापलेल्या कडेला प्रायमर लगेच. खाली अल्टरनेटर किंवा इग्निशन कॉइल येत नाहीत ना ते बघा, नाहीतर पहिल्याच पावसात गाडी बंद.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल बघता, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणारे बदल अंगलट येऊ शकतात. म्हणून मूळ बॉनेट कापूच नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर तुमच्या मॉडेलचं जुनं बॉनेट शोधा, रंग जुळला नाही तरी चालेल. काय ती कापाकापी त्याच्यावर करा आणि ट्रॅकला जाताना बदला. दोन माणसं आणि पाना असला की काम अर्ध्या तासाचं. मूळ बॉनेट परत बसवल्यावर कुलूप नीट लागलंय का, हे हाताने उचलून बघायचं विसरू नका.