वर्गातले प्रश्न : एक फोन, बत्तीस मुलं आणि पावसाचं माप

प्रश्न : आमची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी एकत्र, ३२ मुलं आणि माझा एकच स्मार्टफोन. पावसावर प्रकल्प घ्यायचा आहे, पण दरवर्षी त्याची चित्रं चिकटवलेली वहीच होते. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, भोर तालुका

उत्तर : बाई, वही होते कारण ‘पाऊस’ हा नुसता विषय झाला, त्यात प्रश्न नाही. ज्याचं उत्तर पुस्तकात, फोनमध्ये किंवा तुमच्याकडेही तयार नाही असा प्रश्न मुलांपुढे ठेवा. उदाहरणार्थ, ‘वर्गाच्या पत्र्यावर पडलेलं पाणी साठवलं तर शाळेला किती दिवस पुरेल?’ एवढ्या प्रश्नात मोजमाप, गुणाकार आणि परिसर अभ्यास आपसूक येतात.

आधी पर्जन्यमापक. दोन लिटरची, सरळ बाजूंची बाटली घ्या. खाचा-कंगोरे असलेली नको. खांदा संपतो तिथे ती तुम्ही स्वतः कापा. वरचा भाग झाकण काढून, उलटा करून आत बसवला की नरसाळं तयार. तळ खोलगट-उंचसखल असतो, म्हणून आत खडे टाका आणि सरळ बाजू सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी लावून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारा. रोजची नोंद झाली की पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायचं. इथेच बहुतेक शाळांची नोंद बिघडते: कुणीतरी बाटली पूर्ण उपडी करतं आणि दुसऱ्या दिवशी पाऊस कमी भरतो.

बाटलीचा काठ जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर जमिनीवर आपटलेले थेंब आत उडतात. भोवती विटा लावा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी. वऱ्हांड्याच्या पागोळीजवळ तर नकोच. हवामान खातं सकाळी ८.३० ला नोंद घेतं आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहितं. तुम्हाला ती वेळ जमत नसेल तर शाळा भरल्याची वेळ धरा, पण रोज तीच. रविवारी कुणी आलं नाही तर सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा. निम्मा-निम्मा वाटून टाकू नका, ती नोंद खोटी होते.

मग हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पत्र्याची लांबी-रुंदी मुलांनी खालून, जमिनीवर टेप धरून मोजायची, पत्र्यावर कुणी चढायचं नाही. ८ मीटर गुणिले ६ मीटर असेल तर ४८ चौरस मीटर, म्हणजे २० मिमी पावसाचे ९६० लिटर. उडणं, गळणं, पन्हाळीबाहेर जाणं यात पाचवा हिस्सा गेला असं धरलं तर ७६८ उरतात. हात धुणं, झाडं आणि स्वच्छतागृह यांना रोज १६ लिटरच्या चार बादल्या लागत असतील तर हे पाणी १२ दिवस पुरेल. बादली खरंच १६ लिटरची आहे का, हे मुलांना लिटरच्या मापानं भरून पाहू द्या. बहुधा नसते!

फोन या सगळ्यात शेवटी येतो. चार-चार मुलांचे आठ गट करा, प्रत्येकात दोन तिसरीची, दोन चौथीची. फोन दिवसाला एका गटाकडे, पंधरा मिनिटं. काम ठरलेलं: बाटलीचा एकाच जागेवरून फोटो, आकडा तक्त्यात भरणं आणि कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळाचा पाऊस पाहणं. तो आकडा तुमच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. एका मंडळात अनेक गावं येतात आणि पाऊस शिवारागणिक बदलतो. उरलेले सात गट तोवर चौकटीच्या कागदावर, एक चौकट ५ मिमी धरून, स्तंभालेख काढतील. कागदावरचा आलेख वगळू नका. फोननं काढलेला आलेख वाचायला मूल शिकतं ते आधी हातानं काढलेला असेल तरच.

प्रश्न : एकाच मैदानात, एकाच दिवशी एका गटाला १८ मिमी मिळाले, दुसऱ्याला ४०. दुसऱ्या गटाने १२ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं ८ सेंटिमीटर रुंद बाटलीवर बसवलं आहे.

उत्तर : दोष नरसाळ्याचा. ते बाटलीच्या दीडपट रुंद आहे, म्हणून पाणी दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट क्षेत्रावरून गोळा होतं. ४० ला सव्वादोनने भागा, जवळजवळ १८ येतात. पण लगेच सांगू नका. दोन्ही तोंडं चौकटीच्या कागदावर आखून चौकटी मोजायला लावा, चौथीची मुलं कारण स्वतः शोधतात. फरक थोडाच असेल, चार-पाच मिमी, तर पट्टीचं शून्य तपासा. शाळकरी पट्टीत शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते आणि मुलं पट्टीच्या टोकापासून मोजतात.

प्रश्न : गूगल शीट्समध्ये पंधरा दिवसांचे आकडे भरले, पण आलेख रिकामा येतो.

उत्तर : चौकटीत ‘१२ मिमी’ असं लिहिलं असणार. एकक वरच्या शीर्षकात लिहा, खाली फक्त आकडा, तोही इंग्रजी अंकांत. आकडा चौकटीच्या डावीकडे चिकटून दिसला तर तो मजकूर समजला गेला आहे. खरा आकडा उजवीकडे जातो. तारखा गडबडल्या तर फाइलच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘भारत’ करा. अमेरिकी मांडणीत महिना आधी येतो, म्हणून ५/७ चा ७ मे होतो आणि १३/७ ही तारीखच राहत नाही.

प्रश्न : पुस्तकातले क्यूआर कोड शाळेत रेंज नसल्याने उघडत नाहीत.

उत्तर : रेंज असेल तिथे आदल्या दिवशी सरकारच्या शैक्षणिक साहित्याच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये तो घटक डाउनलोड करून ठेवा, मग तो इंटरनेटशिवाय चालतो. पान चुरगळल्याने कोड वाचला जात नसेल तर चौकोनाखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप करा.

प्रश्न : गटात काम दोघंच करतात. गुण कसे द्यायचे?

उत्तर : आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प हे एक साधन आहेच, पण अख्ख्या गटाला एकच गुण देऊ नका. मोजणारा, लिहिणारा, तपासणारा, सांगणारा ही कामं दर आठवड्याला फिरवा. शेवटी प्रत्येकाला एकट्याने दोन गोष्टी करायला सांगा: बाटलीतलं पाणी वाचून दाखवणं आणि आलेखातला सर्वात ओला दिवस शोधणं. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात. वर्णनात्मक नोंद ‘छान सहभाग’ अशी नको. ‘शून्यापासून मोजतो, एकक लिहायला विसरतो’ अशी लिहा. तिसरीच्या मुलांकडून गुणाकाराची अपेक्षा ठेवू नका. एक थेंब म्हणजे ५ मिमी असा चित्रालेख त्यांना पुरे.