व्यायाम सुरू केलायस, आता आधी किचनमधलं कपाट भर

अरे पहिल्याच महिन्यात प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे घालू नकोस, आधी कडधान्यं आण. सुक्या कडधान्यांत आणि डाळींत १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रोटीन असतं, शेंगदाण्यातही तेवढंच, आणि भिजवून शिजवलं की वजन दुपटीच्या वर जातं म्हणजे थोडक्यात भरपूर होतं. मी सुट्टीच्या दिवशी चवळी किंवा हरभरे एकदमच शिजवतो, दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपायला हवा, मग एकेका वेळेपुरते डबे करून फ्रीझरला टाकतो, दमून घरी आल्यावर तेच खरं वाचवतात बघ. राजमा मात्र भिजवलेलं पाणी फेकून चांगला खळखळ उकळूनच शिजव, अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडतं. वरून लिंबू पिळ, त्यातल्या व्हिटॅमिन सीमुळे डाळींतलं लोह अंगी लागतं. बाकी तांदूळ, ओट्स, अंडी, फ्रोजन मटार एवढं पुरे. आणि दाणे, जवस वगैरे थोडेच आण, उघड्यावर राहिले की खवट होतात, वास घेतलास की लगेच कळेल.