फील्ड पोस्टिंग, नववी आणि साताऱ्याचं घर

प्रश्न: माझे मिस्टर लष्करात लेफ्टनंट कर्नल आहेत. पंधरा वर्षांच्या संसारात सात घरं झाली. आता एप्रिलमध्ये त्यांना फील्ड पोस्टिंग आलंय, तिथे आम्हाला नेता येत नाही. मुलगी केंद्रीय विद्यालयात आठवीत आहे. ते म्हणतात, साताऱ्याला त्यांच्या आईकडे जाऊन राहा. मला घोरपडीतच राहायचंय. हा माझा हट्ट आहे का? – स., पुणे

उत्तर: स.ताई, हट्ट कसला? पण मिस्टरांपुढे 'मला राहायचंय' म्हणू नका, मुलीची इयत्ता ठेवा.

सीबीएसई नववी-दहावी हा एकच अभ्यासक्रम धरते. बोर्डाची नोंदणी नववीत होते. दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते आणि विषय नववीचेच ठेवावे लागतात. वडिलांच्या बदलीवर परवानगी मिळते, पण त्या धावपळीत मुलीचा अभ्यास बुडतो. अकरावी-बारावीचंही तेच. म्हणजे शाळा बदलायला बऱ्या वेळा दोनच: आठवी संपताना आणि दहावी संपताना. फील्डची मुदत साधारण दोन-अडीच वर्षं. तोवर ती दहावी देऊन मोकळी होईल आणि पुढचं पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब नेता येईल असं ठिकाण, अकरावीच्या तोंडावर येईल. (तेव्हा तिथल्या केव्हीत तिला हवी ती शाखा आहे का, हे आधी विचारा. काही ठिकाणी फक्त सायन्स असतं.) आता साताऱ्याला गेलात तर दोन वर्षांत दोन नव्या शाळा.

घर मात्र गृहीत धरू नका. सध्याचं क्वार्टर आपोआप तुमच्याकडे राहील असं नाही. फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टर असतात. पोस्टिंग ऑर्डर जोडून स्टेशन हेडक्वार्टरला अर्ज करा, तोही मिस्टर पुण्यात असतानाच. वेटिंग असतं, आणि एक सही राहिली की तिकडून ती येईस्तोवर नंबर मागे जातो.

नववीच्या नोंदणीआधी एक संध्याकाळ काढा. जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर आणि पार्ट टू ऑर्डर (लष्कराच्या दप्तरातली कुटुंबाची नोंद) शेजारीशेजारी ठेवून मुलीचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, आणि वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे गायब. नोंदणीत जाईल तेच दहावीच्या मार्कशीटवर छापून येतं. पार्ट टूमधली चूक मिस्टरांनाच दुरुस्त करून घ्यावी लागते, म्हणून ते जाण्याआधीच ती होऊ द्या. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी रँक लिहू नका. रँक बदलते, मार्कशीट नाही.

बँकेचं खातं 'दोघांपैकी कुणीही' असं करून घ्या. फी, गाडीचा विमा, वीजबिल यांचे ओटीपी कुणाच्या फोनवर येतात ते बघा. त्यांच्या फोनवर येत असतील तर आताच तुमचा नंबर लावा. डोंगरात रेंज येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. तुमची आणि मुलीची डिपेंडंट कार्डं, कॅन्टीन कार्ड चालू आहेत ना, हेही तपासा.

राहता राहिले मिस्टर. त्यांची खरी काळजी बहुधा ही असेल, की रात्री-अपरात्री काही झालं तर कोण? वानवडीचं कमांड हॉस्पिटल जवळ आहे, आणि एसएफ क्वार्टरमध्ये शेजारच्या घरातही बहुतेक एकटीच बाई मुलांना घेऊन राहत असते. तरी सासूबाईंना तोडू नका. दहावीच्या वर्षी जानेवारी ते मार्च त्यांनाच घोरपडीला बोलवा. सातारा ते पुणे तीनेक तासांचा तर रस्ता. आणि हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, मिस्टरांकरवी नको.