प्रश्न तुमचे : पिंजऱ्यातल्या कुत्र्याच्या नाकाला काम

प्रश्न : मालवणजवळ आम्ही चौघं मिळून २२ कुत्र्यांचा निवारा चालवतो. पोटभर खायला मिळतं, तरी काही कुत्री दिवसभर गोल गोल फिरतात, काही जाळी चावतात. रबरी खेळणी आणली तर दोन दिवसांत भुगा झाला. स्वस्तातलं काही सुचवाल?

उत्तर : बहुतेकदा हा रिकामपणा असतो. पण एखाद्याचं फिरणं अचानक वाढलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण दुखण्यानेही असं होतं. खेळणी आणखी विकत घेऊ नका. थाळीतलं खाणं दोन मिनिटांत फस्त होतं, त्याचाच थोडा भाग शोधून खायला लावा.

करवंट्या तुमच्याकडे फुकट आहेत. एका कुत्र्याला आठ पुरतात. आतलं खोबरं पार खरवडा, नाहीतर बुरशी धरते. कडा जांभ्या चिऱ्यावर घासून बोथट करा. बोट फिरवून टोचत नाही ना, ते बघा. मग करवंट्या पालथ्या मांडून प्रत्येकीखाली शिजवलेल्या कोंबडीचा, हाडाशिवायचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवा. तीन-चार दिवसांनी फक्त तिघींखाली ठेवा. पहिल्याच दिवशी अवघड केलं की कुत्रं नाद सोडतं आणि आपण त्यालाच मठ्ठ ठरवतो. खेळ संपला की करवंट्या मोजून उचला. चघळायला ठेवल्या तर कपची गिळली जाते आणि आतड्यात अडकते. सोडणाचं, म्हणजे नारळाच्या सालीचं, तेच, काथ्याचा गुंता पोटात गेला तर ऑपरेशनवर निभावतं.

दुसरा खेळ वासाचा. सुक्या बोंबलाची फडक्यात पुरचुंडी बांधा आणि खळ्यात दहा-पंधरा पावलं जमिनीवरून ओढत न्या. शेवटी पुरचुंडी उचलून घ्या आणि तिथे त्याचं नेहमीचं खाणं ठेवा. बोंबील खायला देऊ नका, त्यात मीठ फार असतं. हे सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर करा.

एप्रिल-मेत बिनमिठाची पेज पसरट थाळीत बोटभर जाडीची गोठवून द्या. कुत्रं ती बराच वेळ चाटत बसतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा त्यात ओतू नका, दोन्ही कुत्र्याला विषारी.

हे सगळं दिवसाच्या खाण्यातून वजा करा. आणि एका पिंजऱ्यात दोन कुत्री असतील तर आधी वेगळी करा. एरवी गळ्यात गळे घालून झोपणारीही खाण्यावरून एकमेकांना फाडतात.

प्रश्न : पावसाळ्यात खळ्यात पाणी साचतं, कुत्र्यांना बाहेर काढता येत नाही. मग काय करावं?

उत्तर : साचलेल्या पाण्यात मुळीच सोडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो हा रोग पसरतो, तो माणसांनाही होतो. गोणपाटात, टॉवेलात खाणं लपवायचे खेळ करत असाल तर तेही जुलैत बंदच ठेवा. वाळत नाहीत, कुबट होतात.

त्याऐवजी तीन इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या. एका टोकाला टोपी चिकटवा, दुसरीकडे आट्यांची टोपी लावा म्हणजे उघडून धुता येईल. बाजूला चार-पाच भोकं पाडा, कोरड्या खाण्याच्या दाण्याच्या साधारण दीडपट. कडा पॉलिशपेपरने घासा. कुत्रं पाइप लोळवतं आणि दाणे पडतात. ओलं खाणं भरलं तर भोकं तुंबतात.

एकाचा पाइप दुसऱ्याला देण्याआधी साबणाने घासा, मग ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. घासल्याशिवाय ब्लीच वाया जातं आणि पार्व्हो रोगाचा विषाणू तसाच राहतो.

प्रश्न : नवीन आलेली कुत्री कोपरा सोडत नाही. तिला हे खेळ द्यावेत का?

उत्तर : इतक्यात नको. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, पिना आणि चिकटपट्टी काढून. खोक्याच्या तोंडाशी खाण्याचे दोन तुकडे टाका आणि तिच्याकडे न बघता निघून जा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना बोलवा.