इंग्लंडमध्ये घरपोच केअर देणाऱ्या छोट्या एजन्सीने डिजिटल नोंदींचं सॉफ्टवेअर घेताना काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की कौन्सिल आता कागदी फायलींऐवजी डिजिटल नोंदी मागतेय आणि तीन कंपन्यांचे डेमो पाहून गोंधळ वाढलाय. मी एका कौन्सिलमध्ये केअरची कंत्राटं देणाऱ्या विभागात काम करते. डेमोतले रंगीत तक्ते तूर्त बाजूला ठेवा.

पहिला प्रश्न हा विचारा: आजींच्या दाराबाहेरच्या की-सेफचा नंबर तुमच्याकडे कुठे साठवला जातो आणि तो कोणाकोणाला दिसतो? ज्यांना उठून दार उघडता येत नाही, त्यांच्या भिंतीवर ती छोटी पेटी असते. आकडे जुळवले की किल्ली हातात. ऑगस्ट 2022 मध्ये ॲडव्हान्स्ड या सॉफ्टवेअर कंपनीवर रॅन्समवेअर (म्हणजे माहिती अडवून खंडणी मागणारा) हल्ला झाला. 79,404 लोकांची माहिती चोरीला गेली आणि त्यातल्या 890 जणांच्या बाबतीत घरात कसं शिरायचं हेही त्या माहितीत होतं. हल्लेखोर आत आले ते एका ग्राहकाच्या खात्यातून. त्या खात्याला पासवर्डपलीकडे दुसरी पडताळणीच नव्हती. 2025 मध्ये कंपनीला 30 लाख पौंडांहून जास्त दंड झाला, पण ते 890 जण अंथरुणाला खिळलेले असतील तर त्या रात्री त्यांना झोप कशी लागली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची हवी, तुमच्या रात्रपाळीच्या केअररलासुद्धा.

दुसरं, सिस्टिम बंद पडली तर काय? आमच्या भागातल्या एका एजन्सीचं ॲप सकाळी सातला बंद पडलं. एका केअररने दारातूनच ऑफिसला फोन केला, "आजोबांना रक्त पातळ करायची गोळी रात्री दिली होती का?" ऑफिसात कोणालाच सांगता येईना. औषधांची यादी फोनवर ऑफलाइन दिसते का, हे डेमोतच इंटरनेट बंद करून बघा.

डीएसपीटी, म्हणजे माहितीच्या सुरक्षेबद्दलची एनएचएसची ऑनलाइन प्रश्नावली, दरवर्षी 30 जूनपर्यंत भरायची असते; कंपनीने भरलेलीही मागून घ्या. पण त्यात बरंचसं स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं असतं, एवढ्यावर विसंबू नका. तुम्ही ज्यांची काळजी घेता त्यांच्या माहितीची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरही आहे.

करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील, हेही विचारा. तिन्ही कंपन्यांना हेच प्रश्न ईमेलने पाठवा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नका.