३१ वरून ८ टक्क्यांवर आणलं, तरी गाईड चिडले

"मॅडम, सिमिलॅरिटी ३१ टक्के होती, ती मी ८ वर आणली. तरी सर म्हणतात, हे चोरीचंच आहे." खुर्चीत बसायच्या आधीच त्या संशोधक विद्यार्थिनीने हे सांगून टाकलं. सिमिलॅरिटी म्हणजे प्रबंधातला किती मजकूर इतरांच्या लिखाणाशी जुळतो, याचा सॉफ्टवेअरने काढलेला आकडा; सर म्हणजे तिचे गाईड. तीन रात्री झोप नव्हती. 'मी चोर आहे का?' एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आकडा खाली कसा आणला, हे विचारलं. तिने प्रकरण दुसरं उघडलं. 'वापर'च्या जागी 'उपयोग', 'महत्त्वाचा'च्या जागी 'मोलाचा'. वाक्याचा सांगाडा मात्र मूळ लेखकाचाच. सॉफ्टवेअर शब्दांच्या जुळणाऱ्या माळा शोधतं, त्यामुळे ते फसलं. सरांनी मूळ पुस्तक वाचलेलं होतं, ते कसे फसतील? गंमत म्हणजे आधीच्या ३१ टक्क्यांत संदर्भसूची आणि संशोधनपद्धतीची ठरावीक वाक्यंही मोजलेली होती. म्हणजे जे निर्दोष होतं त्यालाच ती घाबरली, आणि खरं दुखणं झाकलं गेलं.

मग मी तिची टिपणवही मागितली. सगळा घोळ तिथेच होता. उतरून घेतलेली वाक्यं, तिने केलेला सारांश आणि तिचे स्वतःचे विचार, सगळं एकाच शाईत, सलग. पृष्ठक्रमांक कुठेच नाहीत. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर कुठलं वाक्य कोणाचं, हे तिलाच सांगता येईना. माझ्याकडे या तक्रारीने येणाऱ्या बहुतेक मुलांचं असंच असतं. जाणूनबुजून ढापणारे सहसा समुपदेशकाकडे येत नाहीत.

"वही मिट आणि या लेखकाचं म्हणणं मला सांग." ती दहा मिनिटं बोलली. स्वच्छ, मुद्देसूद. एका ठिकाणी तर लेखकाशी असहमतही झाली.

"हेच का नाही लिहिलंस?"

"ते फार साधं वाटतं, मॅडम. पुस्तकासारखं नाही वाटत."

मला वाटतं, तिची खरी अडचण नियमांची नव्हतीच, ती या वाक्यात होती.

पुढचे दोन आठवडे आम्ही एवढंच केलं: उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवणीतून लिहायचं, मग मुळाशी ताडून पाहायचं. शब्दशः घेतलेलं अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे. आपल्या शब्दांत मांडलं तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर संदर्भ द्यायचाच. स्वतःच्या जुन्या निबंधातला मजकूर उचलायचा असला तरी तसं सांगून.

एका आकृतीवरून मात्र ती अडून बसली. "खाली पुस्तकाचं नाव दिलंय, मग झालं ना?" नाही. श्रेय देणं वेगळं आणि परवानगी वेगळी. वाङ्मयचौर्य हा श्रेयाचा प्रश्न, कॉपीराइट हा हक्काचा. कॉपीराइटच्या १८८६ च्या आणि नंतर सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार हा हक्क नोंदणीशिवायच मिळतो आणि साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. अनेक देशांत त्याहून जास्त. मुदत संपलेलं पुस्तक कोणीही छापावं, पण त्यातला उतारा आपल्या नावावर खपवला तर चोरीच. उलट, प्रकाशित पुस्तकातून गरजेपुरतं अवतरण, नाव देऊन, घ्यायला तोच करार मुभा देतो. अख्खी आकृती जशीच्या तशी घेणं त्यात बसेलच असं नाही. हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नाही. म्हणून तिने मूळ आकडे घेतले, स्वतःचा आलेख काढला आणि आकडे कुठले ते खाली लिहिलं. परवानगीची पत्रापत्री टळली.

नवं प्रकरण तपासायला टाकलं, तेव्हा तिचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, १४ टक्के. आधीपेक्षा वाढले." रिपोर्ट उघडून पाहिला, तर रंगवलेल्या बहुतेक ओळी अवतरणचिन्हांतल्या, उरलेली संदर्भसूची. "तसंच पाठव," म्हटलं.

सरांनी ते वाचलं. समासात एकच शेरा लिहून आला, जिथे ती लेखकाशी असहमत झाली होती तिथे: 'हे आणखी विस्ताराने लिही.'